रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग धडधडतंय ते काय खोटं आहे का?

"मॅडम, मला वेडा समजू नका, पण माझ्या हार्टला काहीतरी झालंय आणि ते कुणालाच सापडत नाहीये." खुर्चीत टेकायच्या आधीच हे वाक्य. वय ३६, बाकी ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. मांडीवर जाडजूड फाइल, त्यात चार ईसीजी, इको, ट्रेडमिल टेस्ट, सगळं नॉर्मल, आणि शेवटी डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून मनाच्या उपचारांसाठी माझ्याकडे पाठवलेलं. घरच्यांनी तर 'मनाचे खेळ' असा शिक्काच मारून टाकला होता, आणि खरं दुखणं तिथे होतं.

हा प्रश्न इतके जण विचारतात की एकदा नीट लिहूनच टाकते.

मी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का ते बघते. थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, आणि त्या माणसाला मी मनाबद्दल विचारत बसले तर चूक माझी. यांचं दोन्ही ठीक होतं.

व्हायचं असं की रात्री आडवं पडलं की एक ठोका 'चुकल्यासारखा' वाटायचा. लगेच हात मनगटावर, नाडी ९०, मग ११०, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिर, डोकं हलकं, आता गेलो. घरचे गाडी काढायचे, इमर्जन्सीत पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी स्वच्छ. एकदा बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं तर ९९ दाखवलं आणि यांना खात्री की मशीनच बिघडलंय, कारण श्वास तर पुरत नव्हता!

मशीन बरोबर होतं आणि तेही बरोबर होते, हे त्यांना पटायला दोन सेशन गेली.

त्यांना जो ठोका चुकला वाटायचा तो खरं तर वेळेआधी पडायचा. ठोक्याची ऑर्डर निघते हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून, पण मधूनच एखादा ठोका दुसऱ्याच जागेवरून घाईत पडतो, त्याला एक्टोपिक म्हणतात. मग छोटा पॉझ, तेवढ्यात हृदय जरा जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून लागतो. दिवसाला साधारण १ लाख ठोके पडतात, त्यात असे थोडेफार निरोगी माणसालाही पडतात, फक्त दिवसभराच्या गडबडीत लक्ष जात नाही. यांच्या २४ तासांच्या होल्टरमध्येही (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन) तेच निघालं, मोजकेच एक्टोपिक, आणि घाबरले तेव्हा नाडी १२८, पण ऑर्डर सायनस नोडचीच.

दणका लागला की भीती, भीतीने ॲड्रिनल ग्रंथी (किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या असतात) ॲड्रिनलिन सोडतात, नाडी आणखी पळते, आणि श्वास नकळत भरभर सुरू होतो. इथून पुढचं मला सगळ्यात जास्त समजवावं लागतं. भरभर श्वासाने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच जवळजवळ पूर्ण असतो. बाहेर फेकला जातो तो कार्बन डायऑक्साइड. तो घाण वायू, गेला तर बरंच, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय, पण रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचा तोल) ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवायला तो लागतोच. तो घटला की रक्त अल्कलाइन होतं आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, म्हणून साध्या रिपोर्टात काही दिसत नाही, पण मोकळं कमी पडल्याने नसा चुळबुळ करायला लागतात, म्हणून मुंग्या, म्हणून बोटं आखडणं. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं. यात खोटं काय आहे सांगा?

तरी ते म्हणाले, "पटतंय, पण आतून नाही." मग त्यांच्या फिजिशियनला विचारून आम्ही सेशनमध्येच मुद्दाम भरभर श्वास घेतला, मी पण घेतला (हे घरी एकट्याने करून बघू नका, हृदयविकार, दमा, फिट्स, प्रेग्नन्सी असेल तर अजिबात नाही). मिनिटभरात ते बोटांकडे बघायला लागले. "अहो हेच! हेच ते!" माझ्याही ओठांना मुंग्या आल्या होत्या, तसं सांगितलं. मग सावकाश श्वास, सोडताना लांब, कारण श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस) हृदयाला ब्रेक लावते. पाच-सात मिनिटांत सगळं जागेवर.

'हे मलाच का' याचं उत्तर जुनं आहे. १८७१ साली जेकब डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच धडधडीवर लिहिलं आणि त्याला 'इरिटेबल हार्ट' म्हटलं. लढाईवर गेलेले धट्टेकट्टे लोक ते. हे ऐकून त्यांचे खांदे जरा सैल झाले.

नंतर नाडी मोजणं कमी केलं, चढायचं बंद केलेले जिने परत सुरू केले. घाबरण्याचे हे ॲटॅक महिन्यातून एखाददुसऱ्यावर आले. पण खरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला, "मॅडम, उद्या खरंच हार्ट ॲटॅक आला आणि मी श्वासच मोजत बसलो तर?"

बरोबर प्रश्न. श्रम केल्यावर छातीवर दाब येणं, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, गार घाम, चक्कर येऊन पडणं, किंवा नेहमीपेक्षा काहीतरी वेगळंच वाटणं, यातलं काहीही झालं तर श्वासबिस काही नाही, सरळ हॉस्पिटल. आणि शंका आली तरी हॉस्पिटलच, नॉर्मल निघालं तर निघू दे. त्यांनी ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या वेळी मी विचारलं, ती नोट दिवसातून किती वेळा उघडता? हसले. "आठ-दहा वेळा." ते सेशन मग त्या नोटवरच गेलं.