वाचकांचे प्रश्न : कोल्ड एअर इनटेक आणि चेक इंजिनचा दिवा

प्रश्न : माझ्याकडे २०१७ची मस्टँग जीटी आहे, ५.० लिटर व्ही८. बाजारातला मोठ्या पाइपचा कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप-फिल्टरचा किट) बसवून घेतला आणि दोनच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड येतात, आयडलिंगही वर-खाली होतं. गॅरेजवाले म्हणतात, बॅटरी काढून पुन्हा लावा, गाडी आपोआप 'शिकेल'. नेमकं चुकलं काय? आणि पॉवर खरंच वाढली का, हे कसं तपासायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : बॅटरी काढल्यानं कोड पुसला जाईल, दोष जागेवरच राहील. तो सापडेपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका.

दोन्ही कोडचा अर्थ एकच आहे : मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. पहिला कोड इंजिनच्या एका बँकेचा (सिलिंडरच्या एका रांगेचा), दुसरा दुसऱ्या बँकेचा. दोन्ही बँका एकदम लीन झाल्या, तर दोष बहुधा सामायिक वाटेवर असतो. एक तर मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) हवा कमी मोजतोय, नाहीतर सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय.

मोठ्या पाइपच्या किटमध्ये पहिली शक्यता जास्त. मॅफ सेन्सरला त्याच्या तापलेल्या तारेवरून गेलेली हवाच कळते. त्यावरून एकूण हवा किती, हा हिशेब ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीच्या पाइपचा व्यास धरून करतो. समजा, सेन्सरपाशी आतला व्यास ८० मिमीचा ९० मिमी झाला. क्षेत्रफळ जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढलं, तेवढीच हवा सावकाश वाहू लागली आणि ईसीयूला ती सुमारे पाचव्या हिश्शानं कमी भासली. तो पेट्रोल कमी सोडतो. शिवाय इंजिनवर लोड कमी आहे असं समजून इग्निशन टायमिंगही पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. लीन मिक्श्चर आणि पुढे गेलेलं टायमिंग एकत्र आलं की नॉकिंग (मिक्श्चरचा अवेळी भडका) होतं, आणि त्याची किंमत पिस्टन मोजतात.

दोष कुठला, हे फ्युएल ट्रिमवरून कळतं. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, तो हा आकडा; स्कॅनरवर दिसतो. इंजिन पूर्ण गरम करा आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म ट्रिमची बेरीज आधी आयडलला, मग २५०० आरपीएमला पाहा. आयडलला +१५-२० आणि २५००ला शून्याजवळ आली, तर गळती. दोन्हीकडे तेवढीच वर राहिली, तर मापाचा दोष. त्यावर उपाय दोनच : त्या किटसाठी बनवलेलं ट्यूनिंग, किंवा कंपनीच्याच व्यासाचं मॅफ हाउसिंग असलेला किट. बेरीज ±५च्या आत आली की माप जुळलं समजा. +१०च्या वर असेल तर पुढे जाऊ नका.

तरी आधी बसवणी तपासा, ते फुकटात होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, टी२० टॉर्क्सनं सेन्सरचे दोन स्क्रू सोडवा आणि ओ-रिंग पाहा. ती खाचेतून अर्धी बाहेर आली असली तरी सेन्सर वरून नीट बसल्यासारखाच दिसतो. सेन्सरवरचा बाण थ्रॉटलकडे हवा. ब्रीदरची (इंजिनमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. सिलिकॉन कपलरमध्ये पाइप दोन्ही बाजूंनी सारखा शिरलाय ना, तेही बघा. इथे साबणाचं पाणी लावून काही कळत नाही, कारण हवा आत ओढली जाते, बुडबुडा येणार कुठून? स्मोक टेस्ट (पाइपमध्ये धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. फिल्टर तेल लावायचा असेल तर जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं आणि लक्षणं हीच दिसतात. तार फक्त मॅफ क्लीनरनं धुवा, कार्ब क्लीनर नको.

आता पॉवर. सुरुवात हवेच्या तापमानापासून करा. या गाडीत तापमानाचा सेन्सर मॅफमध्येच आहे. ताशी ८० किमी वेगानं दहा मिनिटं चालवून इनटेकचं तापमान आणि बाहेरचं तापमान यांतला फरक लिहा, मग सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून पुन्हा लिहा. कंपनीचा जुना फिल्टरचा डबा बसवून हेच सगळं परत करा. तुलना नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. साधारण ३ अंशांनी हवा थंड झाली की तिची घनता १ टक्क्यानं वाढते. उघडा कोन फिल्टर ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि कंपनीचा डबा मुळातच पुढच्या ग्रिलमागून हवा घेतो. म्हणून ट्यूनिंगशिवाय फार अपेक्षा धरू नका. वाढलेला आवाज म्हणजे वाढलेली पॉवर नव्हे. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) दोन्ही इनटेकचे तीन-तीन रन एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि बॉनेट बंद ठेवून घ्या. उघड्या बॉनेटचा आकडा रस्त्यावर मिळत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत ओढायची चाचणी ट्रॅकवरच.

प्रश्न : पावसाळ्यात फिल्टरला पाणी लागलं तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुषारांनी फार बिघडत नाही, वॉटर-रिपेलंट कव्हर पुरतं. फिल्टर पाण्यात बुडाला तर मात्र कव्हरचा काही उपयोग नाही. ५.० लिटरच्या या इंजिनमध्ये पिस्टन वर आला की सिलिंडरमध्ये सुमारे ६० मिली जागा उरते. कटिंगच्या ग्लासात मावेल एवढं पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. फिल्टरचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजून ठेवा आणि त्याहून बऱ्याच कमी पाण्यातच गाडी घाला. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. टो करून आणा, स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवा.