बोलणं नीट येईपर्यंत घरातच बसायचं का?

“आधी नीट बोलायला येऊ दे, मग नेऊ चार लोकांत.” पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यात माया असते आणि धास्तीही असते. लोक काय म्हणतील, मध्येच रडू फुटलं तर, तोंडातून भलताच शब्द गेला तर? माझं मत स्पष्ट आहे: अशी वाट पाहू नका. वाचा उपचारांनी सुधारते, तशी माणसांत बोलून बोलूनही सुधारते. आणि सुटलेली ऊठबस वर्षभराने पुन्हा सुरू करणं फार जड जातं.

सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम याच बाजूला चालतं, त्यामुळे उजव्या हातापायाबरोबर वाचाही गेली. अशी वाचा जाण्याला वाचाघात म्हणतात. फिजिओथेरपीने पाय सुधारला, काठी टेकत घरभर फिरू लागल्या, पण उंबरठा ओलांडेनात. एकेकाळी गल्लीतल्या भजनी मंडळात अभंगाची सुरुवात त्यांच्या आवाजात व्हायची, भिशीची वही त्यांच्याकडे असायची. २०१९च्या महापुरानंतर मंडळातल्या बायकांनी एकमेकींच्या घरातला गाळ उपसला होता. इतकी जवळची माणसं, तरी दारात कुणी आलं की काकू आतल्या खोलीत जाऊन पडायच्या.

“लाजते हो ती,” काका म्हणाले.

मी काकूंपाशी बसले. टीव्ही बंद केला, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. बोटं मिटलेलीच होती. मग त्यांनी कपाळाकडे खूण केली, डावा हात पुढे केला आणि जोरजोरात मान हलवली. हळदीकुंकू! सवाष्णीला डाव्या हाताने कुंकू कसं लावायचं, प्रसाद डाव्या हातात कसा घ्यायचा, हे त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. घरात कुणाला ते सुचलंही नव्हतं, कारण सगळे त्यांच्या बोलण्याच्याच काळजीत होते.

दुसरी अडचण रडण्याची. पक्षाघातानंतर काहींना क्षुल्लक कारणाने, कधी कारण नसतानाही रडू येतं आणि ते आवरत नाही. मेंदूला झालेल्या इजेमुळे हे होतं, दर वेळी मनात तेवढं दुःख असतंच असं नाही. अशा वेळी “का रडताय?” म्हणून खोदून विचारू नये. पाणी द्यावं, विषय बदलावा, थोड्या वेळात ते ओसरतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावं, त्यावर औषधं आहेत. मात्र दोन आठवडे सलग मन उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. पक्षाघातानंतर ते बऱ्याच जणांना येतं. ‘आजारपणात असं व्हायचंच’ म्हणून ते अंगावर काढू नये.

काकूंच्या संमतीने मी मंडळातल्या दोघींना बोलावून घेतलं. माझ्या अनुभवात खरी तयारी तिथल्या माणसांचीच करावी लागते. एकीने मनातलं विचारूनच टाकलं, “आरती पूर्ण म्हणतात की! मग बोलायला काय होतंय?” काकूंसमोरच उत्तर दिलं. पाठ असलेलं, चालीतलं म्हणताना मेंदूचे दुसरे भागही मदतीला येतात. आपल्या मनातलं शब्दांत मांडणं हे वेगळं काम आहे. त्या मुद्दाम करत नाहीत. आणि त्यांची बुद्धी शाबूत आहे, तेव्हा मोठ्याने ओरडून किंवा लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका. एका वेळी एकीनेच बोला. वाक्य अडलं तर घाईने शब्द पुरवू नका. ‘हो’च्या जागी ‘नाही’ निघालं तर एकदा खात्री करून घ्या.

पहिल्यांदा जाण्यासाठी भिशीचा दिवस ठरवला. शेजारचंच घर, दुपारची झोप झाल्यावर, अर्धाच तास. पक्षाघातानंतरचा थकवा वरून दिसत नाही, पण त्याने माणूस पार गळून जातो. सतरंजीऐवजी हातांची खुर्ची ठेवली. पातळ पदार्थांनी ठसका लागत असल्याने वाचा-उपचारतज्ज्ञांनी सांगितलेलं पथ्य यजमानीणबाईंना आधीच कळवलं, म्हणजे ‘तीर्थ तरी घ्या’ असा आग्रह नको. आणि काकूंना काम दिलं: भिशीची चिठ्ठी त्यांनीच काढायची. नुसतं पाहुणीसारखं बसवून ठेवलं असतं तर त्या दुसऱ्यांदा आल्याच नसत्या.

डाव्या हाताने त्यांनी चिठ्ठी काढली. तेवढ्यात एका शेजारणीने “बिच्चारी, किती बोलायची!” म्हटलं आणि काकूंना रडू फुटलं. मैत्रिणीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि चिठ्ठीतलं नाव वाचलं. रडू थांबलं. निघताना त्याच मैत्रिणीने कपाळ पुढे केलं, “लाव की डाव्या हातानं, देवीला चालतंय.” कुंकू जरा तिरकं लागलं. तिने ते पुसलं नाही.

आता काकू भजनालाही जातात. सुरुवात दुसरी कुणी करते, त्या सुरात सूर मिसळतात. पर्समध्ये एक कार्ड असतं: ‘मला पक्षाघात झाला होता. मला सगळं समजतं. बोलायला वेळ लागतो.’ रिक्षावाल्याला, दुकानदाराला ते दाखवतात. लग्नकार्याला मात्र अजून जात नाहीत. लाउडस्पीकर आणि गर्दीत त्यांना एक शब्द धड कळत नाही, आणि मीही त्याची घाई करत नाही.

काकांचंही सांगायला हवं. काकूंच्या आजारपणात आमराईतलं त्यांचं सकाळचं फिरणं पार बंद झालं होतं, मित्रही तुटले होते. भजनाच्या दिवशी काकूंबरोबर मैत्रिणी असतात. तेवढा वेळ घरात न बसता आमराईत जायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.