सात वर्षांच्या हप्त्यावर नकाशा घ्यावा का?

आपल्या पत्राचा सारांश असा: नवी गाडी ठरली आहे, निम्मी रक्कम हाताशी आहे आणि उरलेल्या रकमेसाठी आपण सात वर्षांचे कर्ज घेणार आहात. मधल्या व्हेरिअंटमध्ये साधा टचस्क्रीन असून त्याला फोन जोडता येतो. वरच्या व्हेरिअंटमध्ये कंपनीची स्वतःची नॅव्हिगेशन प्रणाली बसवलेली आहे आणि त्यासाठी ‘हप्ता किंचितच वाढेल’, असे विक्रेत्याने सांगितले आहे. काचेला चिकटवायचे स्वतंत्र उपकरण हा तिसरा पर्यायही आपण पाहून ठेवला आहे. रोजचा रस्ता आपल्याला पाठ आहे. अनोळखी रस्त्यांवर आपण वर्षातून पंचवीसेक दिवस असता. या तिन्हींपैकी कशावर पैसे घालावेत, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: केवळ नॅव्हिगेशनसाठी वरचा व्हेरिअंट घेऊ नये. मधला व्हेरिअंट घेऊन फोन जोडावा. या मताला अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

या व्यवहारात आपण नेमके काय विकत घेतो, हे आधी वेगळे करून पाहिले पाहिजे. गाडी कुठे आहे हे सांगणारा उपग्रहांचा संदेश फुकट असतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे नागरी संकेत मे २००० पर्यंत मुद्दाम ढोबळ ठेवले जात. ते बंधन उठल्यानंतर नेमके स्थान कोणालाही, कोणतीही वर्गणी न भरता मिळू लागले. आज साधा स्मार्टफोनही जीपीएसबरोबर रशियाच्या ग्लोनास, युरोपच्या गॅलिलिओ आणि चीनच्या बैदू या प्रणालींचे संकेत घेतो, आणि मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. म्हणजे स्थान कळण्यासाठी गाडीच्या कंपनीला पैसे देण्याचे कारण नाही. आपण पैसे देतो ते नकाशाचे, तो ताजा ठेवण्याचे, वाहतुकीच्या चालू माहितीचे आणि मोठ्या पडद्याचे. यांपैकी पडदा सोडला तर बाकीचे सारे नाशवंत आहे.

आता हप्त्याकडे वळू. वरच्या व्हेरिअंटसाठी लागणारी जादा रक्कम १०० धरू आणि कर्जाचा वार्षिक दर ९ टक्के समजू. सात वर्षांच्या कर्जात या १०० साठी दरमहा सुमारे १.६१ भरावे लागतात. विक्रेता ‘किंचित’ म्हणतो ते याच आकड्याला, आणि त्या अर्थाने तो खोटेही बोलत नाही. मात्र ८४ हप्त्यांची बेरीज १३५ होते. हेच कर्ज पाच वर्षांचे असते तर ती १२५ च्या आसपास राहिली असती. याहून बोलका आकडा मधल्या वर्षांचा आहे. नकाशांचे मोफत अपडेट बहुधा पहिली काही वर्षेच मिळते. ती मुदत तीन वर्षांची धरली, तर ती संपते त्या दिवशी आपल्या १०० पैकी जवळजवळ ६५ इतके मुद्दल फिटायचे बाकी असते. नकाशा जुना होऊ लागलेला आणि दोन तृतीयांश कर्ज डोक्यावर, अशी ती अवस्था असेल. कर्जाची मुदत त्या वस्तूच्या उपयोगी आयुष्याहून लांब नसावी, हा नियम आपण घराच्या बाबतीत सहज पाळतो, पण गाडीतल्या वस्तू गाडीच्या किमतीत मिसळून जातात आणि मग तो कोणाला आठवत नाही.

आपल्या पंचवीस दिवसांचाही हिशेब करावा. सात वर्षांत ते १७५ होतात. वाढीव हप्त्यांच्या बेरजेला १७५ ने भागून येणारी रक्कम एका दिवसाचे भाडे समजावी आणि रोज सकाळी निघताना तेवढे भाडे आपण खिशातून काढून दिले असते का, हे स्वतःला विचारावे.

यात माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. मागच्या गाडीत मी अशीच बसवलेली प्रणाली घेतली होती. तिचा नकाशा मेमरी कार्डवर होता आणि पहिली दोन वर्षे तक्रारीला जागा नव्हती. पुढे नेहमीच्या मार्गावर नवा वळणरस्ता झाला आणि त्यावर गाडी घातली की पडद्यावरचा बाण मोकळ्या हिरव्या शेतातून चालू लागे, बाई मात्र शांत आवाजात ‘शक्य असेल तेथे मागे वळा’ असे सांगत राही. नव्या कार्डाची चौकशी केली तेव्हा सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या रकमेत एखादे चांगले स्वतंत्र उपकरण आले असते. मी फोन लावला आणि तो पडदा उरलेली वर्षे रेडिओसाठी वापरला. गाडी विकताना घेणाऱ्याने त्या प्रणालीबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

जोडसेवांवर, म्हणजे गाडीतल्याच मोबाइल जोडणीतून इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवांवर, चालणाऱ्या नव्या प्रणालींना ही कार्डाची अडचण नाही, पण त्यांची दुसरी आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद झाली तेव्हा त्या जाळ्यावर अवलंबून असलेल्या अनेक गाड्यांच्या जोडसेवा थांबल्या; काहींना सुधारित सॉफ्टवेअर किंवा नवा मोडेम मिळाला, काहींना काहीच मिळाले नाही. गाडी दहा-बारा वर्षे चालते, तिच्या आतले मोबाइल तंत्र तेवढे टिकेलच असे नाही. फोन आपण चार-पाच वर्षांनी तसाही बदलतो आणि नवे तंत्र त्याच्यासोबत आपोआप गाडीत येते.

फोन हा मात्र सर्वस्वी फुकटचा पर्याय नाही. उन्हात डॅशबोर्डवर तापलेला फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो, आणि अशा उष्णतेने बॅटरीचे आयुष्य कमी होते. म्हणून होल्डर काचेवर न लावता एसीच्या झोताजवळ लावावा. आपल्या गाडीत फोन जोडून नकाशा गाडीच्याच पडद्यावर दिसणार असल्याने फोन सावलीतही ठेवता येईल. नेटवर्क नसलेल्या भागात जाण्यापूर्वी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्यावा. रस्ता त्यावर दिसतो, वाहतुकीची चालू माहिती मात्र दिसत नाही. शिवाय मोफत नकाशाची किंमत आपण आपल्या येण्याजाण्याच्या नोंदीच्या रूपाने मोजतो. हे खटकणाऱ्यांनी स्वतंत्र उपकरणाचा विचार जरूर करावा, कारण त्यात नकाशा आतच साठवलेला असतो आणि फोनही मोकळा राहतो. खोक्यावर ‘आजीवन नकाशे’ लिहिलेले असेल तर ते आयुष्य आपले नसून उपकरणाचे असते आणि ते कधी संपले हे उत्पादक ठरवतो, एवढे ध्यानात ठेवावे. हे उपकरण रोख घ्यावे. कर्जात घालू नये.

आता अपवाद. गाडी इलेक्ट्रिक असेल तर माझे मत बदलेल. अशा गाडीतील प्रणाली बॅटरीत किती चार्ज उरला आहे हे पाहून चार्जिंगचे थांबे ठरवते आणि काही गाड्यांत थांबा जवळ आला की जलद चार्जिंगसाठी बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणून ठेवते. फोनवरच्या नकाशाला हे सहसा साधत नाही. लांब बोगदे किंवा उंच इमारतींमधले रस्ते हा आपला रोजचा मार्ग असता, तरी बसवलेल्या प्रणालीच्या बाजूने बोलता आले असते, कारण उपग्रह दिसेनासे झाले तरी ती चाकांच्या वेगावरून आणि वळणांवरून अंदाज बांधत राहते. आपण लिहिल्याप्रमाणे गाडी पेट्रोलची आहे आणि रस्ता बहुतेक मोकळा आहे.

तिसरा अपवाद आपल्याला लागू पडू शकतो. वरच्या व्हेरिअंटमध्ये नॅव्हिगेशनबरोबर जादा एअरबॅग किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा येत असेल, तर तुलना वेगळी होते. सुरक्षिततेची साधने गाडीच्या पूर्ण आयुष्यभर उपयोगी पडतात आणि नंतर बाहेरून बसवता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी कर्ज घेण्याला माझी हरकत नाही. म्हणून दोन्ही व्हेरिअंटचे तपशीलपत्रक शेजारी ठेवून फरकाच्या ओळींवर खूण करावी. त्या खुणांमध्ये सनरूफ, मोठा पडदा आणि नकाशा एवढेच निघाले, तर मधला व्हेरिअंट घ्यावा आणि कर्जाची मुदत पाच वर्षांवर आणता येते का ते बँकेला विचारावे.

बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात, त्यांतल्या शेवटच्या दोन लेखी: मधल्या व्हेरिअंटमध्ये आपलाच फोन, वायरने आणि वायरशिवाय, जोडून दाखवणे, ती जोडणी पुढे सबस्क्रिप्शनमागे जाणार नाही याची खात्री, आणि वरच्या व्हेरिअंटच्या नकाशांचे मोफत अपडेट नेमके कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते. तिसऱ्या प्रश्नाला सरळ तारीख मिळाली तर मला कळवा, हिशेबातली तीन वर्षे मी बदलून देईन.