एका ‘ग्राउंड’चे मराठीत दोन शब्द

जुन्या आर्केड यंत्राचं वायरिंग नव्याने करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: पॉवर सप्लायच्या पट्टीवर एल, एन, एफजी, कॉम, +५, −५, +१२ असं लिहिलेलं आहे आणि गेमच्या बोर्डाच्या आकृतीत नुसतं ‘ग्राउंड’. हे ग्राउंड म्हणजे आपलं अर्थिंगच ना?

नाही. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाला इथे मराठीत दोन शब्द हवेत.

एल म्हणजे लाइन, आपला वायरमन जिला फेज म्हणतो ती. एन म्हणजे न्यूट्रल. एफजी म्हणजे फ्रेम ग्राउंड. हे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याचं टोक, आणि अर्थिंग म्हणायचं ते यालाच.

कॉम म्हणजे कॉमन. त्याला मी ‘सामाईक’ म्हणतो. सामाईक विहीर, सामाईक बांध हे शब्द आपल्या तोंडात आहेतच. विहीर एक, खातेदार चार. तसा +५, +१२ आणि −५ या तिन्ही पुरवठ्यांचा हिशेब याच टोकाशी येऊन मिळतो. व्होल्टेज मोजायचं तेही इथूनच, डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात तसं. −५ म्हणजे सपाटीच्या पाच व्होल्ट खाली. काही जुन्या बोर्डांत ते आवाजाच्या भागाला लागतं.

सामाईक तारेतून यंत्र चालू असेपर्यंत प्रवाह वाहत असतो. अर्थिंगच्या तारेला खरं काम पडतं ते बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली तर. काही यंत्रांत ही दोन टोकं मुद्दाम जोडलेली असतात, तरी दोघांची कामं वेगळीच राहतात.

१९८५ पासूनच्या ‘जॅमा’ (गेमचा बोर्ड यंत्राला जोडण्याची ठरावीक मांडणी) पद्धतीच्या ५६ टोकांच्या कनेक्टरवर १, २ आणि ए, बी यांच्यापुढे ‘ग्राउंड’ असतं. ते सामाईक, म्हणजे कॉमला जोडायचं. (अक्षरांच्या बाजूने मोजताना जपा: जी, आय, ओ, क्यू ही अक्षरं गाळलेली असतात, एफनंतर थेट एच येतं.)

तारांच्या रंगावरून मात्र शब्द ठरवू नका. आपल्याकडच्या घरांत काळी तार बहुधा न्यूट्रल, डीसीच्या, म्हणजे +५, +१२ च्या बाजूला काळी बहुधा सामाईक, आणि अमेरिकेतून आलेल्या यंत्राच्या मेन केबलमध्ये काळी म्हणजे चक्क फेज.