घरातली वीज : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक गाडीबद्दल आहेत. म्हणून पंखे, मोटारी आणि लुकलुकणारे दिवे यांनी या खेपेला जरा थांबावं.

प्रश्न : गाडीबरोबर आलेली केबल आम्ही पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावतो. तासाभरात प्लग हाताला चटका बसेल इतका तापतो. परवा जळका वासही आला, पण एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही. याच पॉइंटवर पूर्वी गीझर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. मग दोष गाडीचा म्हणायचा का?

उत्तर : नाही, पॉइंटचाच. आणि वास आला असेल तर आजपासून तो पॉइंट बंद. मेन स्विच पाडून वायरमन सॉकेट उघडेपर्यंत त्यात काहीही लावू नका.

गीझरचं कौतुक मला बरेच जण ऐकवतात. गीझर पाणी तापलं की थर्मोस्टॅटवर बंद होतो, तोपर्यंत वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गाडी मात्र तोच भार सलग सहा-आठ तास ओढते, एकदाही न थांबता. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूने त्या सॉकेटची एवढी परीक्षा घेतलेली नसते.

असे सॉकेट मी उघडते तेव्हा आत साधारण एकच दृश्य असतं. एका पिनेच्या बाजूचं वायरवरचं आवरण तपकिरी, कडक, नखाने तुकडा पडेल असं. तांब्याची लाली जाऊन काळपट जांभळा रंग आलेला. आणि टर्मिनलचा स्क्रू पाव-अर्धा फेरा सहज फिरतो. सगळं पाणी मुरतं ते त्या अर्ध्या फेऱ्यात. सैल जोडाचा रोध समजा फक्त ०.१ ओहम आहे. १६ अँपिअर प्रवाहाला त्यात १६ गुणिले १६ गुणिले ०.१, म्हणजे सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न तुमच्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर चालू ठेवल्यासारखं झालं.

एमसीबी का पडला नाही? कारण त्याच्या हिशेबाने काही बिघडलेलंच नाही. तो प्रवाह बघतो, आणि प्रवाह १६ अँपिअरच आहे. एका स्क्रूखाली काय भाजतंय ते त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून ‘एमसीबी आहे, काळजी नाही’ हे वाक्य कुणी टाकलं की मी त्याच्या डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, झाकण आधी उघडते.

आता काम सांगते. डीबीपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा, त्यावर दुसरा एकही पॉइंट नको आणि वाटेत जॉइंट नको. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. २.५ ची चालते असं वायरमन म्हणेल, आणि कमी अंतरावर चालतेही. पण पाइप एकदाच घालायचा असतो. घरगुती सॉकेटऐवजी निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. त्याची पकड घट्ट असते आणि तासन्‌तास भार घेण्यासाठीच तो बनवलेला असतो. मात्र तुमच्या केबलला तसा प्लग कंपनीकडून मिळतो का, ते आधी विचारा. प्लग कापून दुसरा जोडू नका. काही केबलींच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो कापताना तुटतो. केबलवरचा कंट्रोल बॉक्स प्लगला लोंबकळत ठेवू नका, त्याच्या वजनाने पिना सैल होतात. भिंतीत एक हूक मारा.

बऱ्याच गाड्यांत किंवा केबलवर प्रवाह कमी करायची सोय असते. १६ चा १० अँपिअर केला की जोडातली उष्णता सुमारे ४० टक्क्यांवर येते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने बदलते. धड असलेल्या पॉइंटवर ही सवय उत्तम. भाजलेल्या पॉइंटवर मात्र १० देखील नको.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल तिघांनी विचारलंय. नाही. गुंडाळी न सोडलेला रीळ तर अजिबात नाही.

प्रश्न : ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स (गाडी चार्ज करायचा भिंतीवरचा डबा) घ्यावा की २२ चा? विक्रेता म्हणतो, मोठा घेतला की गाडी तिप्पट वेगाने भरेल.

उत्तर : भरणार नाही, जर गाडीला तेवढं गिळता येत नसेल. भिंतीवरच्या डब्यात चार्जर नसतोच. एसी विजेचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो, आणि वेगाची मर्यादा तोच ठरवतो. भिंतीवरचा डबा म्हणजे समंजस स्विच. तो एका बारीक तारेवरून १ किलोहर्ट्झचा संकेत पाठवून गाडीला सांगतो की ‘माझ्याकडून एवढेच अँपिअर घे’. दोघांचं बोलणं झाल्याशिवाय आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज सोडणारा स्विच, लागत नाही. तुमच्या गाडीचा चार्जर ७.४ किलोवॅटचा असेल, तर २२ चा डबाही ७.४ च देईल. शिवाय २२ साठी तीन फेज आणि प्रत्येकी ३२ अँपिअर लागतात.

मी उलट विचारते : रोज गाडी चालते किती? ४० किलोमीटर धरा. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते, म्हणजे ६ युनिट. चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणून ७ धरू. २३० व्होल्ट, १६ अँपिअरवर तासाला ३.७ युनिट येतात. दोन तासांत काम झालं, आणि गाडी उभी आहे बारा तास. रिकाम्या बॅटरीपासून भरायला किती वेळ लागेल हा हिशेब सगळे करतात, पण रोज रिकामी गाडी घेऊन घरी येतो कोण?

एका घरात दोन गाड्या असतील किंवा रोजचं अंतर दीड-दोनशे किलोमीटर असेल, तर वॉलबॉक्स जरूर घ्या. घेताना मेन लाइनवर सीटी (वायरभोवती बसणारं प्रवाह मोजायचं कडं) बसवून भार मोजणारा घ्या. घरात ओव्हन, गीझर, एसी एकदम लागले की तो गाडीचा प्रवाह आपोआप उतरवतो. ६ अँपिअरच्या खाली गाडी चार्ज होत नाही, तेव्हा तेवढी जागा मंजूर भारात उरायला हवी. न उरली तर वीज कंपनीकडे भार वाढवून मागा, मग बॉक्स विकत घ्या. लोक क्रम उलटा करतात.

प्रश्न : गाडी ‘अर्थ फॉल्ट’ दाखवते आणि चार्ज होत नाही. घरातलं बाकी सगळं व्यवस्थित चालतं. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, पाच मिनिटांचं काम.

उत्तर : त्याला चहासुद्धा न देता परत पाठवा.

घरातलं सगळं चालतं कारण फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांना चालायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थिंग बिघाडाच्या दिवसासाठी असतं. ते नसलं तरी वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. गाडीची केबल मात्र चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थ तपासते आणि नसेल तर साफ नकार देते. तिने तुमच्या घराचा जुना दोष फुकटात शोधून दिलाय.

सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलं की केबल फसते, खरं. पण मग मागे कुठे न्यूट्रल तुटला, की फेज गाडीतून फिरून त्या जोडणीवाटे थेट पत्र्यावर येतो. टायर रबरी आहेत. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्या माणसातून वीज जमिनीत जाते. रस्ता दुसरा नाही.

अर्थचा खड्डा किंवा इलेक्ट्रोड नीट करून घ्या, तिथून पॉइंटपर्यंत तार सलग आहे का ते मीटरने मोजा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. कधी कधी अर्थ ठीक असतं पण फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, आणि काही केबली त्यालाही हाच इशारा देतात. ते आधी बघा, खर्च वाचेल. या लाइनवर ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच. ती ‘एसी’ प्रकारची नको, ‘ए’ प्रकारची घ्या. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर एसी प्रकारची आरसीसीबी आंधळी होते. बऱ्याच वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरवर डीसी गळती पकडणारी सोय आतच असते. ती नसेल तर ‘बी’ प्रकारची लागते, आणि ती महाग असते.

प्रश्न : मीटर इमारतीच्या एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला, अंतर ४० मीटर. ६ चौरस मिलिमीटरची वायर पुरेल का?

उत्तर : ३२ अँपिअरसाठी जेमतेम. जाऊन-येऊन ८० मीटर तांब्यात सुमारे ८ व्होल्ट पडतात, आणि अडीचशे वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. तेही तुमच्याच मीटरवरून. १० चौरस मिलिमीटर घातली तर हाच तोटा दीडशे वॅटवर येतो. १६ अँपिअरवरच भागणार असेल तर ६ ची भरपूर झाली. पाइप मात्र जाड टाका. एकाने गाडी घेतली की वर्षभरात शेजारचाही विचारायला येतो.

प्रश्न : रोज १०० टक्के चार्ज करावी का? पावसात चालेल का?

उत्तर : पावसात चालेल, कनेक्टर त्यासाठीच बनवलेले असतात. सॉकेट मात्र झाकणाचा आणि आडोशाला हवा. टक्क्यांचं म्हणाल तर बॅटरी कुठली ते पुस्तिकेत बघा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर रोज ८० पुरे. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटची) असेल तर अधूनमधून १०० पर्यंत जाऊ द्या, नाहीतर गाडी टक्क्यांचा आकडा खोटा दाखवायला लागते. लांब जायचं असेल तर आदल्या रात्री वेळ अशी लावा की १०० टक्के निघायच्या सुमारास होतील.