नोट्स दिसतात, पण ऐकू येत नाहीत

प्रश्न : अकरावीचा इतिहास मी गूगल क्लासरूमवर शिकवते. वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आहे. माझ्या नोट्सची पीडीएफ उघडली की त्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) भलतंच काहीतरी बरळतो. फाइल स्कॅन केलेली नाही, टाइप केलेली आहे. चूक कुठे असेल?

उत्तर : बहुधा फॉन्टमध्ये. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये झालंय. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तुम्हाला ‘क’ दिसतो, यंत्राला रोमन अक्षर. स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो.

पीडीएफशी झटापट करू नका. मूळ वर्ड फाइल त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला ‘क’ हा ‘क’ म्हणूनच कळतो अशा पद्धतीत, आणा आणि एकदा नजरेखालून घालाच. रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ इथे हमखास घोळ होतो. मग पुन्हा पीडीएफ करायची घाई नको! युनिकोड मजकुराच्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटतात, कारण तिच्यात अक्षरांपेक्षा त्यांचे आकार साठवलेले असतात. वर्ड फाइल किंवा गूगल डॉक थेट द्या.

शीर्षकं नुसती ठळक करून भागत नाही. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा, उपशीर्षकाला २; मग ती ओळ यंत्रालाही शीर्षक म्हणून कळते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या ब्राउझ मोडमध्ये (कळा दाबून मजकुरात फिरायची सोय) ‘एच’ दाबत विद्यार्थी शीर्षकांवरून उड्या मारत जातो. ती नसतील तर वीस पानं पहिल्यापासून ऐकत बसायचं. नकाशाला ऑल्ट टेक्स्ट (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) देताना ‘भारताचा नकाशा’ लिहून उपयोग नाही. त्यातून जे शिकायचंय ते लिहा. लिंकवर ‘येथे क्लिक करा’ तर नकोच. लिंकची यादी ऐकणाऱ्याला दहा वेळा तेच ऐकू येतं.

प्रश्न : माझे व्हिडिओ ४५ मिनिटांचे आहेत. मुलं म्हणतात, नेमका मुद्दा सापडत नाही, डेटाही संपतो.

उत्तर : एका मुद्द्याला एक, असे आठ-दहा मिनिटांचे तुकडे करा आणि नावात आठवडा, क्रमांक, मुद्दा घाला. ‘हे बघा, इथून इथे’ असं फळ्याकडे बोट दाखवून बोलू नका; सन, गावं, नावं तोंडाने उच्चारा. सोबत एक-दोन पानांचा युनिकोड मजकूर जोडला, तर डेटा संपलेल्याचंही अडत नाही.