मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक काळ्या ऑइलवर (इंजिनातून काढलेल्या वापरलेल्या ऑइलवर) किंवा घरी केलेल्या बायोडिझेलवर खरंच चालतो का?

चालतो, पण कुठला ट्रक ते आधी बघा. मी ओहायोत राहतो, माझ्याकडे अमेरिकन आर्मीचा जुना एम-३५ए२ आहे. त्यातलं एलडीटी-४६५ इंजिन मुळातच मल्टीफ्युएल, ७.८ लिटरचं, टर्बोवालं, कॉम्प्रेशन २२ ला १. डिझेल नाही मिळालं तर रॉकेल, विमानाचं इंधन, अगदीच अडलं तर पेट्रोल ओतून गाडी पुढे जावी एवढीच आर्मीची अपेक्षा. ही युक्ती जर्मनीच्या मान कंपनीची (आपल्या आर्मीचा शक्तिमान ट्रक जबलपूरला ह्यांच्याच लायसन्सवर बनायचा). पिस्टनच्या डोक्यात गोल खळगा असतो, इंधन बरंचसं त्याच्या गरम भिंतीवर पसरतं आणि तिथून वाफ होत होत जळतं, म्हणून इंधन कसलं आहे ह्याने इंजिनाला फारसा फरक पडत नाही.

पंपाला मात्र पडतो. इंजेक्शन पंपाच्या इंधन दाबणाऱ्या भागाचं वंगण म्हणजे तेच इंधन, त्यात पाणी किंवा कचरा गेला की पंप गेला, आणि पंपाच्या रिपेअरीत फुकटच्या तेलाची सगळी बचत जाते. त्यामुळे काळं ऑइल आधी ड्रममध्ये निवांत बसू द्यायचं, तळाचं पाणी-गाळ सोडून वरचं घ्यायचं, गरम करून उरलेलं पाणी घालवायचं, मग गाळत गाळत त्यातले कण ५ मायक्रॉनच्या खाली आणायचे, मी तर सेंट्रिफ्यूजच (गरगर फिरवून कचरा वेगळा काढणारं यंत्र) लावलंय. आणि डिझेल मिसळायचंच, उन्हाळ्यात निम्मं, थंडीत जवळजवळ सगळं डिझेलच. कूलंट मिसळलेलं ऑइल कोणी घरपोच दिलं तरी नको म्हणा. आणि एवढं करूनही ऑइलमध्ये विरघळलेलं जस्त, कॅल्शियम फिल्टरला सापडत नाही, त्याची राख नोझलवर बसतेच.

तळणीचं तेल तसंच ओतायचं असेल तर दुसरी टाकी लावा, कूलंटच्या उष्णतेने तेल ७० डिग्रीच्या आसपास तापवा, आणि गाडी चालू-बंद डिझेलवरच करा. बायोडिझेल, म्हणजे त्याच तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून केलेलं इंधन, त्यापेक्षा बरं. लिटरभर तेलाला साधारण २०० मिली मिथेनॉल, ताज्या तेलाला ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, वापरलेल्याला टायट्रेशन करून (तेलातलं आम्ल मोजून) जास्त. ग्लिसरीन तळाशी बसलं की काढायचं, मग धुवायचं, वाळवायचं. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही, तेव्हा हे स्वयंपाकघरात किंवा बंद गॅरेजात अजिबात नको. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळही सोडवतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं, ते आधीच बदलून विटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) घाला.

पैसे वाचवायला करत असाल तर सोडून द्या हो. लिटरला ३.५-४ किलोमीटर देणारा ट्रक, वर इथे घरच्या इंधनावरही रस्त्याचा टॅक्स भरावा लागतो. मी हौस म्हणून करतो. आणि खरं तर ह्या ट्रकात इंधनापेक्षा ब्रेककडे जास्त लक्ष द्या, सिंगल सर्किट आहे, एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले.

भारतात लिलावातून घेणार असाल तर इंजिनाची प्लेट वाचा. साधं डिझेल इंजिन निघालं तर काळ्या ऑइलच्या नादी लागू नका, नीट धुतलेलं बायोडिझेल थोडं थोडं मिसळून बघा. आणि फिल्टरचा एक जास्तीचा सेट कायम गाडीत ठेवा, एम-३५ला तीन लागतात.